निम्म्यानिम्म्याने येणारं वादळ

समुद्रात: दर्जा दोन. किनाऱ्यावर: दर्जा एक (अंदाज).

वादळाला सरकारी नाव होतं, पण खालच्या गल्लीत ते कुणी घेत नव्हतं. तिथे त्याला धाकटे जावई म्हणत.

थोरले जावई गेल्या वर्षी येऊन गेले होते. येणार, येणार म्हणून त्यांनी सगळ्यांना नुसतं उभं करून ठेवलं होतं. खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या, गच्चीवरच्या टाक्या बांधून झाल्या, अख्खी गल्ली वरच्या शाळेच्या जिमखान्यात जाऊन व्यायामाच्या गाद्यांवर आडवी झाली. आणि जावई दारात आले ते धापा टाकत. एका दुकानाची पाटी पाडली, एका कुत्र्याला भुंकायला लावलं आणि गेले निघून. गल्ली परत आली, फळ्या उपटल्या आणि त्या फळ्यांसारखंच एकेकाचं तोंड सुटलं.

त्या वेळी रेडिओवर जिच्या आवाजात इशारा गेला होता, ती हवामान कार्यालयातली बाई याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. तेव्हापासून गल्लीने तिचं नाव फुसकी ठेवलं. तोंडावर म्हणत नसत. पण ती आईच्या केस कापायच्या दुकानात शिरली की ड्रायरखाली बसलेली एखादी बाई हळूच ओठ दुमडून "फुस्स" करायची, आणि आरशातून सगळ्यांच्या माना हलायच्या.

तिची आईसुद्धा हसायची. आईच सगळ्यात आधी हसायची.

खरं तर थोरल्या जावयांचा त्यात काही दोष नव्हता. वादळ जगतं ते गरम समुद्रावरच्या दमट हवेवर. किनारा जवळ आला की जमिनीवरची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरते, आणि पेटलेल्या चुलीत कुणी ओली माती टाकावी तसं ते आतून विझत जातं. गेल्या वर्षी हेच झालं. फुसकीने ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर नीट समजावून सांगितलं. तेव्हा कुणाचा रेडिओ चालू नव्हता.

दर्जा दोन. किनाऱ्यावर: दर्जा एक (अंदाज कायम).

सकाळी ड्युटीवर येताच तिने रात्रीच्या पाळीवाल्याने लिहिलेलं बुलेटिन वाचलं. *वादळ आज संध्याकाळी किनाऱ्यावर पोचेल. पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरून दर्जा एक होण्याची शक्यता.* पाळीवाला कोट चढवत म्हणाला, "सोपं आहे. धाकटे जावई. थोरल्यांवरच जाणार."

"कोरडी हवा कुठंय पण?"

"असेल इथेच कुठेतरी," म्हणून तो जिना उतरलासुद्धा.

तिने शोधली. कोरडी हवा नव्हती. जमिनीवर आठवडाभर गच्च ढग होते, टॉवेल वाळत नव्हते. मग तिने दुसरा आधार शोधला. वादळ चालत असताना समुद्र घुसळत जातं. खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाच्या स्वतःच्याच पायाखालची भट्टी विझते. पुष्कळ वादळं अशी स्वतःच्या हाताने मरतात. या वेळी तसं होईल का?

किनाऱ्यापासून थोडं आत, उथळ पाण्यात, कार्यालयाचा एक बोया तरंगतो. त्याच्या खाली साखळी आहे आणि साखळीला थोड्याथोड्या खोलीवर थर्मामीटर. स्क्रीनवर वरच्या थर्मामीटरचा आकडा दिसत होता. खालच्यांच्या जागी नुसत्या रेघा.

रेघ म्हणजे 'यंत्र बिघडलेलं, आकडा टाकून दिला'. हे काम कॉम्प्युटर आपणहून करतो. त्याला कुणीतरी एकदा शिकवून ठेवलंय की तळाचं पाणी वरच्यापेक्षा थंडच असतं. कुणी वेगळं बोललं तर तो खोटं बोलतोय असं समज.

तिने टाकून दिलेले आकडे उघडले.

तळाचा आकडा वरच्याइतकाच होता. मधलाही. त्याच्या खालचाही. साखळीला लोंबकळणारे सगळेच्या सगळे थर्मामीटर एका सुरात सांगत होते की आम्ही गरम पाण्यात आहोत, आणि कॉम्प्युटर एकेकाला कान धरून वर्गाबाहेर काढत होता.

म्हणजे त्या उथळ पट्ट्यात समुद्र तळापर्यंत तापलेला होता. धाकटे जावई तिथे येऊन कितीही घुसळोत, खालून थंड काही येणार नव्हतं. खालीही गरमच. थोरल्यांना दारात कोरडी हवा भेटली होती. धाकट्यांसाठी दारात ताट वाढून ठेवलं होतं.

तिने हिशेब केला. मग खुर्ची मागे ढकलली आणि पुन्हा केला. किनाऱ्यावर दर्जा चार.

आईचं दुकान समुद्राच्या भिंतीला पाठ लावून उभं आहे. दर्जा एकला भिंत पुरते. चारला भिंतीची आठवण ठेवायलाही कुणी उरत नाही.

फोन

"बोल."

"आई, दुकान बंद कर आणि वर शाळेत जा."

"कोण बोलतंय?"

"आई."

"आवाज ओळखीचा वाटतोय. गेल्या वर्षी रेडिओवर एक बाई असंच बोलायची."

(मागून कुणीतरी: फुस्स.)

"स्पीकरवर ठेवलायस का मला?"

"हात लोशनने बरबटलेत, कानाला काय पायाने लावू? बोल, सगळ्या आपल्याच आहेत. हेडबाई आहेत, बेकरीवाली आहे."

"आई, हे वाढणार आहे. किनाऱ्यापाशी आल्यावर वाढणार आहे."

"रेडिओ तर एक म्हणतो."

"रेडिओ चुकलाय."

"रेडिओ म्हणजे तूच ना गं? मग तू चुकलीस असं म्हण."

"चार होईल."

"चार. म्हणजे दोन."

"दोन कसं?"

"तू लहानपणापासून सगळं दुप्पट सांगतेस. खरचटलं की पाय तुटला, दहा मार्क कमी पडले की नापास झाले. तुझं निम्मं धरलं की बरोबर येतं. गल्लीत सगळे तुमच्या ऑफिसचं निम्मंच धरतात. काय हो हेडबाई?"

(हेडबाई, वरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ड्रायरच्या टोपड्याखालून, मोठ्याने: "अपूर्णांक आले की उत्तर तपासून घ्यावं!")

"आई, मी हात जोडते."

"मग फोन पडेल. मला दोन पर्म आहेत, दोघींचे केस कुरळे करायचेत. मुळीच हलणार नाही. गेल्या वेळी त्या जिमखान्यातल्या गादीने माझी कंबर धरली, ती अजून सोडलेली नाही. वादळ आलं नि गेलं, गादी राहिली. ठेवते."

ठेवला नाही. बहुतेक लोशनच्या बोटाने बटण दाबलं गेलं नाही. आईचा आवाज जरा लांबून आला: "पोरगी कामाची आहे हो, पण तिला सगळ्यात भीतीच दिसते. बापावर गेलीय. तो नळ ठिबकला तरी पूर आला म्हणायचा."

फुसकीने इकडून फोन ठेवला.

निम्म्याचा नियम

आता कुणाला वाटेल, सोपं आहे, बुलेटिनमध्ये चार लिहायचं. पण हवामान कार्यालयाचा एक नियम होता. कुठे छापलेला नव्हता, तरी भिंतींना मुरलेला होता.

फार पूर्वी तिथे प्रत्येक पाळी आपल्या मनाचं बुलेटिन काढायची. सकाळी दर्जा तीन, दुपारी एक, संध्याकाळी पुन्हा तीन. गाव वैतागलं. कोळी म्हणाले, नाव समुद्रात लोटावी की ओढावी हे आधी आपापसात ठरवा. तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी ठरवलं की आधीच्या पाळीशी तुमचं मत जुळलं नाही, तर जितका फरक असेल त्याच्या निम्मंच सरकायचं. उरलेलं पुढची पाळी सरकेल. वादळ खरंच तसं असेल तर दोन-तीन पाळ्यांत आपण तिथे पोचूच. नसेल तर उडी मारून तोंडावर पडणं टळलं.

नियम वाईट नव्हता. सावकाश चालणाऱ्या वादळांना तो पुरायचा. पुढे त्याची सवय झाली, आणि ती सवय आताच्या साहेबांच्या अंगात भिनली होती. गल्लीच नव्हे, कार्यालयही त्यांना पाठीमागे निम्मेसाहेब म्हणायचं. ते चहा अर्धा कप प्यायचे, ही निव्वळ योगायोगाची गोष्ट. पण शिपायाने ती सगळीकडे पोचवली होती.

एक आणि चार. फरक तीन. निम्मे दीड. म्हणजे अडीच.

"अडीच असा दर्जा नसतो," निम्मेसाहेब म्हणाले. "दोन लिहा. दुपारच्या पाळीत तीन करू."

"दुपारच्या पाळीत तीन केलं, तर संध्याकाळच्या पाळीत चार करेपर्यंत ते चार आपल्या टेबलावर बसलेलं असेल, साहेब."

"बोयाचे थर्मामीटर बिघडलेत बाई. रेघा आहेत."

"एक बिघडेल. सगळे एकाच दिवशी एकाच आकड्यावर कसे बिघडतील?"

निम्मेसाहेबांनी चष्मा काढला. तो पुसताना ते नेहमी अर्धवट डोळे मिटत.

"समजा तुमचं खरं आहे. समजा आपण चार लिहिलं. आणि धाकट्यांनी थोरल्यांसारखंच केलं, तर? पुढच्या वर्षी खरंच मोठं आलं तर आपल्या बुलेटिनने लोक वांगी गुंडाळतील."

"तसंही गुंडाळतातच."

"तुम्ही घाबरलेल्या आहात," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "आई तिथे आहे तुमची."

हे तिला झोंबलं, कारण खरं होतं. शेजारच्या गावच्या समुद्राच्या भिंतीमागे दुसऱ्या कुणाची आई असती, तर आपण हिशेब दोनदा केला असता की चारदा? ती परत आपल्या टेबलाशी गेली आणि तिसऱ्यांदा केला. आईला त्यातून वजा करून. उत्तर चारच आलं. आई त्या उत्तरात कुठे नव्हतीच. आई फक्त वाटेत उभी होती.

मसुदे

*मसुदा पहिला.* वादळाचा दर्जा किनाऱ्यावर दोन होण्याची शक्यता.

(निम्मेसाहेबांना आवडेल. आई याचा एक करेल. मग दुपारी केस धुवायला घेईल.)

*मसुदा दुसरा.* वादळाचा दर्जा किनाऱ्यावर पाचच्याही वर, आजवर कुणी पाहिला नाही असा.

(आई याचा अडीच करेल. अडीचला ती फक्त शटर अर्धं ओढते. आणि हे खोटं आहे. फुसकीने हा मसुदा मिनिटभर मनापासून वाचला, एकदा मोठ्यानेही वाचला. रेडिओवर कसा वाटेल ते पाहायला. फार छान वाटत होता. पाच म्हणताना तोंड भरून येतं. मग तिने तो खोडला. खोट्याला खोटं म्हणून नव्हे, तर आज पाच खपवले तर उद्या खऱ्या पाचला दहा म्हणावं लागेल, आणि दर्जे दहापर्यंत नाहीतच.)

*मसुदा तिसरा.* पाणी समुद्राच्या भिंतीवरून येईल. खालच्या गल्लीतल्या दुकानांचे आरसे वरच्या कडेपर्यंत बुडतील.

(आकडा नाही, म्हणून निम्मा करता येणार नाही, असं तिला आधी वाटलं. मग आईचा आवाज ऐकू आला: अर्ध्या आरशापर्यंत. केस नाही भिजत.)

*मसुदा चौथा.*

इथे पेन थांबलं. गल्ली कार्यालयाला निम्मं करते. कार्यालय वादळाला निम्मं करतं. वादळ समुद्रातून निघतं, तेव्हा पुरतं असतं. आईच्या दुकानात पोचेपर्यंत त्याची चहाची बशी झालेली असते. या सगळ्यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

पण गल्लीला आणखी एक गोष्ट पाठ आहे, हे तिला तेव्हा आठवलं. लहान असताना ती दुकानात झाडू मारायची आणि रेडिओ चालू असायचा. दोन बुलेटिनांमधला फरक ऐकून बायका बोलायच्या: एकच पायरी चढलं, म्हणजे अजून वेळ आहे. कार्यालय पायरीपायरीने चढतं हे त्यांना घड्याळासारखं माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी कार्यालयाला पायऱ्या चुकवताना एकदाही ऐकलं नव्हतं. थोरल्या जावयांच्या वेळीसुद्धा दोन, मग अडीचचे तीन, असंच रांगत गेलो होतो आपण.

*मसुदा चौथा.* सकाळच्या बुलेटिनमध्ये दर्जा एक सांगितला होता. तो चूक होता. आता दर्जा चार आहे. मधले आकडे सांगायला वेळ नाही.

सही

निम्मेसाहेबांनी मसुदा वाचला. खाली ठेवला. उचलला.

"'चूक होता' हे काढा."

"ते काढलं तर बाकीचं कुणी ऐकणार नाही."

"या कार्यालयाने 'चूक' हा शब्द आजवर वापरलेला नाही."

"म्हणूनच म्हणते."

"'मधले आकडे सांगायला वेळ नाही'? ही काय भाषा झाली? हे बुलेटिन आहे की भांडण?"

"साहेब, हे तुम्ही ऐकलंत तर काय कराल?"

त्यांनी खरोखर विचार केला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. "घाबरेन," ते म्हणाले. "म्हणेन, यांना काय झालं?" आणि मग, आपल्याच उत्तराचा धक्का बसल्यासारखं, मसुदा पुन्हा उचलला.

तेवढ्यात स्क्रीनवर नवं चित्र उमटलं. सकाळपर्यंत वादळ विस्कटलेल्या गोधडीसारखं दिसत होतं. आता मधोमध एक काळा, गोल, स्वच्छ डोळा उघडला होता. डोळा असा गोल झाला म्हणजे वादळाला जेवण मानवलं. निम्मेसाहेबांनी त्या डोळ्याकडे पाहिलं. डोळ्याने निम्मेसाहेबांकडे पाहिलं. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेल्या माणसाला जे काही वाटायचं ते त्यांना वाटलं असणार.

"हे फुसकं निघालं," सही करताना ते म्हणाले, "तर तुम्हाला नवं नाव पडायचं नाही. मला पडेल."

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन्ही नावं माहीत होती.

दर्जा चार.

रेडिओवर तिने तेच वाचलं. आवाज चढवला नाही. मग आईला फोन लावला. आईने तो घेतला तो रागाने:

"चूक होतं म्हणजे काय गं? माझ्याशी बोलताना दोन म्हणालीस!"

"दोन तू म्हणालीस. आता बंद कर."

"अगं, अर्ध्या पर्मवर आहे मी! हेडबाईंचं पहिलं लोशन लागलंय. थांब, फोन ठेवते जरा..."

फळीवर ठेवला असणार, कारण पुढचं सगळं लांबून ऐकू येत राहिलं, जणू दुसऱ्या खोलीतलं नाटक.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बेकरीवालीचा: "एकावरून चार? एकदम?"

"चुकून वाचलं असेल," आई म्हणाली.

"चुकून वाचलं असतं तर सॉरी म्हणाली असती. चूक होतं म्हणाली. ऑफिस कधी चूक म्हणतं का? माझ्या जन्मात नाही म्हटलेलं. मी निघाले."

"डोक्याला रोलर आहेत तुझ्या!"

"असू देत."

मग हेडबाईंचा आवाज, टोपड्यातून बाहेर पडलेला आणि म्हणून फार मोठा: "जे कार्यालय गेली कित्येक वर्षं एकेक पायरी मोजत चढतं, ते आज तीन पायऱ्या टाकून धावतंय. उत्तर तपासायची गरज नाही. माझी पर्स द्या."

"हेडबाई, बसा खाली! पहिलं लोशन आहे ते. दुसरं लावलं नाही तर केस हातात येतील!"

"येऊ देत. डोकं तर राहील!"

दाराची घंटा वाजली. पुन्हा वाजली. फुसकी टेबलावर कोपरं रोवून, फोन कानात खुपसून ऐकत होती. तिला आईची प्रत्येक हालचाल ओळखू येत होती: ही कात्री खाली आपटली. हे ड्रॉवर ओढलं. ही शिवी, जी आई फक्त नळाचं पाणी गेलं की देते.

आईला वादळाची भीती वाटत नव्हती. आपल्या हातून बाहेर पडलेली एक बाई अर्ध्या केसांनी गावभर फिरेल आणि लोक विचारतील, कुणी केलं हे? याची मात्र फार वाटत होती.

"अहो हेडबाई! दुसरं लोशन! अहो, थांबा की, बाटली घेते! बादली कुठंय? अगं ए, रोलरवाली, तूही थांब!"

घंटा तिसऱ्यांदा वाजली. मग दार आपटलं. मग नुसता रेडिओ ऐकू येत राहिला, त्यावर फुसकीचाच आवाज, पुन्हा पुन्हा तेच बुलेटिन सांगत.

ती हसली. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. धापा टाकत आई फोनपाशी आली.

"हेडबाईंना सगळ्या बाटल्या देऊन पुढे पाठवलंय. दुसरं टोपडं मात्र राहिलंय. नवं आहे ते. हप्ते चालू आहेत त्याचे. तेवढं सोडवून नेते."

"आई, नको!"

"दोन स्क्रू आहेत."

"आई—"

फोन बंद झाला. या वेळी बोट कोरडं होतं.

दर्जा चार. किनारा दिसतोय.

दुपारी फोनचे खांब पडले. त्यामुळे पुढचा सगळा वेळ फुसकी त्या दोन स्क्रूंवर अडकली. स्क्रूड्रायव्हर सापडला असेल का? ती तो कधी जागेवर ठेवते का? टोपडं जड आहे. एकटीने काढताना ती शिडीवर चढेल. शिडीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मासिकं घातलेली असतात.

तिला खाली जायचं होतं. निम्मेसाहेबांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. रस्त्यावरून एक पत्र्याचं शेड आपल्या पायांनी चालत चाललं होतं.

"बसा," ते म्हणाले. "बुलेटिन तुम्हीच वाचायचं आहे. लोकांनी तुमच्या आवाजावर घर सोडलंय. आवाज बदलला तर परत फिरतील."

मग ती वाचत राहिली. दर अर्ध्या तासाला. एकाच चालीत.

संध्याकाळी, धाकटे जावई अगदी भिंतीशी आले तेव्हा, चित्रातला डोळा थोडा मिटला. बाहेरच्या बाजूला ढगांचं दुसरं, मोठं कडं धरायला लागलं. वादळ असं जुनं कडं टाकून नवं घालतं, तेव्हा वाऱ्याचा जोर थोडा उतरतो. रात्रीच्या पाळीवाला भिजून, हेलपाटत आत आला होता, तो स्क्रीनवर वाकून म्हणाला, "बघा! तीन झालं! मी म्हणत नव्हतो?"

वारा तीनचा झाला असेल; पण चारच्या वाऱ्याने दिवसभर लोटत आणलेलं पाणी आकडे वाचून मागे फिरत नाही. ते आलं. कार्यालयाच्या खिडकीतून भिंत दिसायची. मग भिंतीच्या जागी पांढरी रेघ दिसली. मग ती रेघ गल्लीत शिरली आणि दिवे एका ओळीने, टोकापासून, विझत आले.

दर्जा: काही नाही. जमिनीवर, विरत चाललेलं.

सकाळी वारा बसल्यावर ती निघाली. वरच्या रस्त्याने गेली, कारण खालचा रस्ता पाण्याखाली होता. तिथून गल्ली दिसली. तिने शोधायचं ते शोधलं आणि मग शाळेकडे पाय उचलले. पळत नव्हती. पळालं की लवकर पोचतो, आणि पोचलं की कळतं.

जिमखान्याच्या दारातच तिला हेडबाई दिसल्या. डोक्यावर टवटवीत, गोल, दाट, जरा हिरवट कुरळे केस. त्या एका पोराला ओरडत होत्या की गाद्या एकावर एक रचतात, रांगेत घालत नाहीत.

आत, बास्केटबॉलच्या खांबाखाली, टोपडं उभं होतं. एक स्क्रू अजून त्याला लोंबकळत होता, त्याच्यासोबत भिंतीचा मूठभर गिलावाही आला होता. स्क्रू सुटला नसणार, ओढला असणार. टोपड्याच्या शेजारी, उलट्या बादलीवर रुमाल पसरून, हातात कात्री घेऊन आई उभी होती. तिच्यासमोर बायकांची रांग होती. वादळ आलं तर केस कापून घ्यायचे, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. पण रात्रभर बसून करायचं काय, आणि आई समोर उभी.

फुसकी जवळ गेली. तिला आईला घट्ट धरायचं होतं, पण आईच्या हातात कात्री होती.

"चार म्हणाली होतीस," आई म्हणाली. "रात्री ट्रान्झिस्टरवर तीन म्हणाले."

"वारा तीनचा झाला. पाणी चारचंच आलं."

"तीनच म्हणाले." आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डोक्याची काय केरसुणी केलीयस! रात्रभर उपटत बसली होतीस का? बस इथे. पुढची जरा थांब गं, ही माझी आहे."

फुसकी बादलीवर बसली. आईने तिच्या मानेवर पाणी मारलं. पाणी गार होतं.

कात्री चालायला लागली.

"वरच्या रस्त्याने आलीस ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग दिसलं असेल."

"दिसलं."

कात्री कानाच्या मागे थांबली. फुसकीला सांगताना आवाज एकाच चालीत ठेवायचा होता, काल दिवसभर ठेवला तसा. तो राहिला नाही.

"गेलं, आई. खालची फरशी आहे. बेसिन आहे एक. बाकी काही नाही."

कात्री तिथेच राहिली. कानाला तिचं पोलाद लागत होतं. मागे कुणीतरी खोकलं. बेकरीवाली, रोलर काढलेली, रांगेतून पुढे आली आणि काहीतरी म्हणणार, तेवढ्यात आईने दुसऱ्या हाताने लेकीची हनुवटी धरून मान खाली दाबली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "कान जाईल."